‘कोरम भरला की हल्ला’: वनस्पतींवरील जिवाणूंबाबतच्या एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

वनस्पतींना रोग करणाऱ्या जिवाणूंविषयी एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. त्याचा आशय असा: ‘पानात किंवा मुळात शिरलेले जिवाणू सुरुवातीला गप्प बसतात आणि फक्त संख्या वाढवतात. प्रत्येक जिवाणू एक रासायनिक संदेश सोडत असतो. या संदेशाची दाटी ठरावीक पातळीला पोहोचली, म्हणजेच कोरम भरला, की सगळे जिवाणू एकाच क्षणी रोगकारक जनुके चालू करतात आणि बेसावध वनस्पतीवर तुटून पडतात. सर्व जिवाणूंमध्ये हे एकच बटण असते. ते बंद केले की जिवाणू निरुपद्रवी होतात, आणि आपण त्यांना मारत नसल्यामुळे या उपायाला दाद न देणारे जिवाणू कधीच तयार होत नाहीत.’

हा मजकूर निव्वळ थाप असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. त्याच्या मुळाशी खरे संशोधन आहे, म्हणूनच तो चटकन पटतो. व्हिब्रिओ फिशेरी हा सागरी जिवाणू दाटी झाल्यावरच का उजळतो, या कोड्यातून ही कल्पना पुढे आली आणि १९९४ मध्ये फ्युक्वा, विनान्स व ग्रीनबर्ग यांनी तिच्यासाठी ‘क्वोरम सेन्सिंग’ ही संज्ञा वापरली. त्याच्या आदल्याच वर्षी बटाट्याची मऊ कूज करणाऱ्या एर्विनिया कॅरोटोव्होरा या जिवाणूवर (आजचे नाव पेक्टोबॅक्टेरियम) दोन संशोधनगटांचे काम प्रसिद्ध झाले होते. संदेशरेणू बनवणारे जनुक मोडले, की हा जिवाणू पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे (एन्झाइम) पुरेशी बनवत नाही आणि कूजही घडवू शकत नाही, असे त्यांना आढळले. संदेशरेणूही व्हिब्रिओ फिशेरी वापरतो तोच निघाला. यामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे: मूठभर जिवाणूंनी सोडलेली चिमूटभर विकरे भित्तिका फोडू शकत नाहीत, पण भित्तिकेचे तुकडे सुटल्याने वनस्पती मात्र सावध होते. तेव्हा दाटी होईपर्यंत हात आखडता घेणे या जिवाणूच्या फायद्याचे आहे. इथपर्यंत मजकुराशी माझे भांडण नाही. एका जिवाणूची ही हकिगत सरसकट सगळ्यांच्या गळ्यात बांधली गेली, तिथे ते सुरू होते.

‘सुरुवातीला गप्प बसतात आणि संख्या वाढवतात’

पहिल्याच वाक्यात कार्यकारणाचा क्रम उलटा झाला आहे. अनेक प्रमुख रोगांत रोगकारक जनुके चालू झाल्याशिवाय जिवाणूला वाढताच येत नाही. स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू पर्णरंध्रातून किंवा जखमेतून पानाच्या आत, पेशींच्या मधल्या पोकळीत पोहोचतो, तेव्हा त्याच्या कशाभिकेतील (पोहण्याच्या शेपटीतील) फ्लॅजेलिन या प्रथिनाचा एक तुकडा वनस्पतिपेशीवरील ग्राहक प्रथिन ओळखते आणि काही मिनिटांत संरक्षणाची तयारी सुरू होते. ही तयारी मोडून काढण्यासाठी जिवाणूजवळ ‘तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा’ असते; ही वनस्पतिपेशीत थेट प्रथिने टोचणारी, सुईसारखी नळी होय. तिच्याशी संबंधित जनुकसमूहाचे वर्णन १९८६ मध्ये घेवड्यावरील जिवाणूत झाले आणि ‘हर्प’ हे त्याचे नाव रूढ झाले. हर्प समूह मोडलेला जिवाणू पानात सोडला तर रोग होत नाही, शिवाय त्याची वाढही खुंटते. मूळचा जिवाणू मात्र त्याच पानात काही दिवसांत हजारो पटींनी वाढतो. म्हणजे जी संख्या मजकुरात हल्ल्याची पूर्वअट म्हणून येते, ती प्रत्यक्षात हल्ल्याचे फळ आहे.

मग हर्प जनुके चालू होतात कशाने? सकस माध्यमात हा जिवाणू कितीही दाट वाढवा, ती जवळजवळ झोपलेलीच राहतात. तोच जिवाणू आम्लधर्मी, पोषणाने कंगाल, फ्रुक्टोजसारखी एखादी साधी साखर घातलेल्या माध्यमात हलवला, की काही तासांत ती जागी होतात. आणि पानाच्या आतल्या पोकळीतील रस बराचसा असाच असतो. आतली साखळीही बरीचशी माहीत झालेली आहे. हर्प-आर आणि हर्प-एस ही दोन प्रथिने जोडीने हर्प-एल या तिसऱ्या प्रथिनाचे जनुक चालू करतात. हर्प-एल हा सिग्मा घटक आहे. तो आरएनए बनवणाऱ्या विकराला नेमक्या त्या प्रवर्तकांकडे (जनुकाचे वाचन जिथून सुरू होते त्या जागांकडे) नेतो, ज्यांच्यावर ‘हर्प पेटी’ नावाचा ठरावीक अक्षरक्रम असतो. सकस माध्यमात लॉन हे प्रथिनभंजक विकर हर्प-आरचा फडशा पाडते, म्हणून साखळी पहिल्या कडीतच तुटते. हर्प-व्ही हे आणखी एक प्रथिन हर्प-एसला जखडून दुसरा लगाम घालते. या साखळीत जिवाणू स्वतःची शिरगणती करताना कुठेच दिसत नाही. आपण कुठे येऊन पडलो आहोत याची चाचपणी करताना मात्र पदोपदी दिसतो. या जिवाणूकडे क्वोरम सेन्सिंग नाही असे नव्हे. ते आहे, पण त्याचा ठळक परिणाम चिकट बहुशर्करा बनवणे आणि पृष्ठभागावर थव्याने सरकणे यांवर होतो.

वनस्पतींवर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम ट्यूमिफेशियन्सचे उदाहरण याहून बोलके आहे, म्हणून जखमेच्या जागी काय घडते ते जरा जवळून पाहू. खोड खरचटले की फुटलेल्या पेशींतून आम्लधर्मी रस झिरपतो. त्यात साखरा असतात आणि लिग्निनशी नाते सांगणारी फिनॉल गटातील संयुगे असतात. त्यांपैकी ॲसिटोसिरिंगोन हे तंबाखूच्या जखमी पेशींतून १९८५ मध्ये ओळखले गेले. जिवाणूच्या पटलात बसलेले व्हिर-ए हे संवेदक प्रथिन या संयुगाची चाहूल घेते. साखरेची चाहूल सीएचव्ही-ई हे प्रथिन घेते आणि व्हिर-एला साथ देते. ती साथ मिळाली की थोडेसे फिनॉलही पुरते. आम्लता साधारण ५.५ सामूच्या आसपास असावी लागते. एवढे जुळले की व्हिर-ए स्वतःवर फॉस्फेट चढवते, ते व्हिर-जीला देते, आणि व्हिर-जी व्हिर जनुके चालू करते. मग जिवाणूच्या टीआय प्लाझ्मिडवरील (गुणसूत्राबाहेरच्या गोलाकार डीएनएवरील) डीएनएचा एक पट्टा वनस्पतिपेशीत रवाना होतो आणि पुढे गाठ तयार होते. तापमान ३२ अंशांवर गेले तर बाकी सारे जुळूनही व्हिर-ए ढिम्म राहते आणि गाठ होत नाही. फिनॉल, साखर, आम्लता, तापमान अशा चार अटी झाल्या. संख्येची अट त्यांत नाही.

टोमॅटो-बटाट्यावरील मर रोगाचा राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम तर चक्क स्पर्श ओळखतो. त्याच्या बाह्यपटलावरील पीआरएचए हे ग्राहक प्रथिन वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील, पाण्यात न विरघळणाऱ्या घटकाला प्रतिसाद देते आणि प्रथिनांच्या एका मालिकेतून हा निरोप हर्प जनुकांपर्यंत जातो. हर्प जनुक चालू होताच चमकेल अशी खूण जिवाणूत बसवून, वनस्पतिपेशींच्या निलंबनात तो मिसळून केलेल्या प्रयोगांत पेशींना भिडलेले जिवाणू चमकले. एकाच भांड्यात, सर्वांभोवती तोच द्रव असताना ही निवड होते, तेव्हा द्रवातील संदेशाच्या दाटीने तिचे स्पष्टीकरण देता येत नाही.

‘संदेशाची दाटी म्हणजे संख्या’

हे गृहीतक इतके सहज केले जाते की ते गृहीतक आहे हेच लक्षात येत नाही. जिवाणूला संख्या कळत नाही; त्याला स्वतःभोवती साचलेला रेणू कळतो. तो रेणू किती साचेल हे जिवाणू किती आहेत यावर जसे अवलंबून असते, तसेच पाणी किती आहे, ते वाहते आहे की कोंडलेले, रेणू वाटेत कोणी मोडतो आहे का, यांवरही असते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफिल्ड यांनी २००२ मध्ये याच मुद्द्यावरून सवाल केला होता: हे रेणू सोडून जिवाणू शेजाऱ्यांची मोजदाद करत नसून, आपण सोडलेली वस्तू वाहून जाते की जवळ राहते एवढेच तपासत असतील तर? महाग विकर सोडण्यापूर्वी एखादा स्वस्त रेणू सोडून अंदाज घेणे, हा शहाणपणाचा व्यवहार एकट्या जिवाणूलाही परवडणारा आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. पानाच्या पृष्ठभागावरील स्यूडोमोनास सिरिंगीचा अभ्यास करणाऱ्या स्टीव्हन लिंडो यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवले की पान कोरडे असेल तर काही डझन पेशींचा पुंजकाही ‘कोरम’ गाठतो, कारण पाण्याचा पातळ थर संदेशाला हलू देत नाही. पान ओले असेल तर तो वाहून जातो. प्रयोगशाळेतील चंबूत ज्या घटनेसाठी एका मिलिलीटरमध्ये कोट्यवधी जिवाणू लागतात, तिला पानावर मूठभर पुरतात. ज्या कोरमचा आकडा दवावर ठरतो, त्याला संख्येची मोजणी म्हणणे धाडसाचे आहे.

ॲग्रोबॅक्टेरियमकडे या संदर्भात पुन्हा वळावे लागते. क्वोरम सेन्सिंग ही संज्ञा देणाऱ्या तिघांपैकी फ्युक्वा आणि विनान्स हे दोघे याच जिवाणूच्या टीआरए-आर या प्रथिनावर काम करत होते, आणि नेमके हेच उदाहरण मजकुराच्या विरोधात जाते. संदेशरेणू न मिळालेले टीआरए-आर चटकन नष्ट होते. मिळाला तर ते टिकते आणि टीआय प्लाझ्मिडच्या प्रती वाढवणारी व तो दुसऱ्या जिवाणूला देणारी जनुके चालू करते. पण मुळात टीआरए-आर बनण्यासाठीच ओपाइन नावाची संयुगे लागतात, आणि ओपाइन तयार होतात गाठीमध्ये, म्हणजे जिवाणूने आपला डीएनए वनस्पतीत घुसवून त्या पेशींना आपल्यासाठी राबायला लावल्यानंतर. इथे संसर्ग आधी झाला, गाठ त्यानंतर आली आणि कोरमची पाळी सर्वांत शेवटी लागली. प्लाझ्मिडच्या प्रती वाढल्या की त्यावरील व्हिर जनुकांच्याही प्रती वाढतात, हे मान्य करायला हवे. पण हल्ल्याची सुरुवात त्यातून होते असे म्हणता येत नाही.

‘सर्व जिवाणूंमध्ये एकच बटण असते’

रेणूंच्या पातळीवरच हे टिकत नाही. पेक्टोबॅक्टेरियम आणि पॅन्टोइआ हे एएचएल या कुळातील रेणू वापरतात. कोबीवर घाण्या रोग करणारा झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस डीएसएफ हे एक मेदाम्ल वापरतो, तर राल्स्टोनिया वेगळ्याच मेदाम्लाचे मिथाइल एस्टर. त्यांचे संवेदक वेगळे आहेत आणि संवेदकापुढच्या वाटाही वेगळ्या आहेत. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दिशा. त्याच प्रकारचा संदेश एका जिवाणूत रोगकारकता चालू करतो आणि दुसऱ्यात बंद करतो, हे मजकूर लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावे.

मक्याच्या काष्ठवाहिन्यांत वाढणारा पॅन्टोइआ स्टुअर्टाय पाहा. संदेश नसताना त्याचे इसा-आर हे प्रथिन चिकट बहुशर्करेची जनुके दाबून धरते; संदेश साचला की इसा-आरची पकड सुटते. मजकुरातील तर्क खरा असता तर इसा-आर काढून टाकलेला, पहिल्या पेशीपासून भरपूर बहुशर्करा ओतणारा जिवाणू जास्त घातक ठरायला हवा होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो वाहिनीच्या भिंतीला नीट चिकटू शकला नाही आणि वनस्पतीत त्याचा प्रसारही मंदावला. आधी चिकटायचे आणि मग आवरण बनवायचे, हा क्रम त्याला राखावा लागतो. इथे संदेशाअभावी घातलेला आवर हाच रोगकारकतेचा भाग आहे.

राल्स्टोनियाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि ती डोळ्यांनी पाहता येते. आर्थर केलमन यांनी १९५४ मध्ये वर्णन केलेल्या टेट्राझोलियम क्लोराइडयुक्त माध्यमावर हा जिवाणू पसरला आणि बशी दोन-तीन दिवस उबवली, की मूळच्या जिवाणूच्या वसाहती पांढरट, मध्यभागी गुलाबी आणि वेड्यावाकड्या कडांच्या दिसतात. बशी तिरकी धरली तर त्या ओघळतील की काय असे वाटते, इतकी त्यांत बहुशर्करा असते. त्यांच्या मध्येच एखाददुसरी लहान, गोल, कोरडी आणि गर्द लाल वसाहत आढळते. असल्या लाल वसाहतीतील जिवाणूंमध्ये पुष्कळदा पीएचसीए या एकाच नियामकाचे जनुक बिघडलेले असते आणि त्यांची रोग करण्याची ताकद जवळजवळ गेलेली असते. संवर्धन फार काळ तसेच ठेवले की लाल वसाहतींचे प्रमाण वाढते. याचे एक कारण खर्चात आहे: बहुशर्करा बनवणे महागात पडते, आणि हा खर्च टाळणारा जिवाणू वाढीत पुढे निघतो.

हे पीएचसीए दाटी साधारण १ कोटी पेशी प्रति मिलिलीटर झाल्यावर जागे होते आणि बहुशर्करा व काही विकरे चालू करते. त्याच वेळी ते पोहण्याची क्षमता, पेशीभित्तिकेतील पेक्टिन तोडणारे एक विकर आणि लोह गोळा करणारे रेणू यांची जनुके बंद करते. ही बंद केलेली जनुके निरुपयोगी नसतात. पोहता न येणारा राल्स्टोनिया मातीतून मुळाकडे जाताना मागे पडतो आणि कमी रोग करतो. म्हणजे दाटी कमी असतानाही रोगकारक जनुकांचा एक संच चालूच असतो, आणि दाटी झाल्यावर तो मिटून दुसरा उघडतो. बटणाच्या उपमेत ही अदलाबदल बसत नाही.

इथे एक वळण सांगायलाच हवे, कारण ते जाणकारांनाही चकवून गेले. प्रयोगशाळेतील संवर्धनात पीएचसीए हर्प जनुकांनाही दाबते. त्यावरून अनेक वर्षे असे मानले गेले की ही जनुके फक्त संसर्गाच्या सुरुवातीला कामाची असतात. २०१२ मध्ये दोन गटांनी प्रत्यक्ष वनस्पतीतील जिवाणू तपासले, तेव्हा रोग बळावलेला असताना, दाटी प्रचंड असतानाही ती जनुके चालूच आढळली. चंबूतील निष्कर्ष खोडात जसाच्या तसा लागू पडला नाही.

आणि मजकुराचे घरचे उदाहरण, म्हणजे पेक्टोबॅक्टेरियम, तेही एका बटणाचे नाही. संदेश नसताना एक्सप-आर हे प्रथिन आरएसएमए नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे उत्पादन वाढवते. आरएसएमए हे विकरांच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याचा नाश घडवते. संदेश आला की एक्सप-आर मागे हटते आणि आरएसएमए घटते. याखेरीज आरएसएमबी नावाचा एक आरएनए आरएसएमएलाच स्वतःभोवती गुंतवून ठेवतो, आणि हा आरएनए किती बनेल हे गॅक या वेगळ्या संवेदन-जोडीवर ठरते. शिवाय केडीजीआर हे दमनकारी प्रथिन आहेच. पेक्टिन तुटून तयार झालेले लहान रेणू पेशीत आल्यावरच ते बाजूला होते. संदेश हवा तेवढा असला तरी पेक्टिन मिळण्याची चिन्हे नसतील, तर विकरांचे पूर्ण उत्पादन होत नाही.

‘सगळे एकाच क्षणी’

हा मुद्दा थोडक्यात संपवता येतो. चंबूतील कोट्यवधी पेशींची सरासरी काढली की वक्र सुबक येतो आणि सर्व पेशी एकसाथ वागतात असा भास होतो. घेवड्याच्या पानातील स्यूडोमोनास सिरिंगीच्या पेशी एकेक करून पाहणाऱ्यांना २०१६ मध्ये वेगळे दिसले: एकाच पानातील, एकाच वंशाच्या पेशींपैकी काहींत हर्प जनुके जोरात चालू होती आणि काहींत जवळजवळ बंद. हर्प-व्हीचा लगाम आणि तो सैल करणारे हर्प-जी यांच्या ओढाताणीतून असे दोन गट पडतात. स्रावयंत्रणा बांधणाऱ्या पेशी सावकाश वाढतात, आणि त्यांनी दाबलेल्या संरक्षणाचा लाभ शेजारच्या आयत्या पेशींनाही मिळत असावा.

‘बेसावध वनस्पती’

वनस्पती या नियमनातील मूक साक्षीदार नाही. ॲग्रोबॅक्टेरियमपुरते बोलायचे तर तीच दार उघडते आणि तीच लावते: जखमेतील फिनॉल व्हिर जनुके चालू करते, तर संरक्षणासाठी बनणारे सॅलिसिलिक आम्ल ती बंद पाडते, शिवाय जिवाणूच्या आतच त्याचा संदेशरेणू मोडणारे विकर तयार व्हायला लावते, असे २००७ मध्ये दाखवले गेले. गाठीत वाढणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरकही व्हिर जनुकांना आवर घालते. काम झाल्यावर पसारा आवरण्याची जिवाणूची ही सोय असावी. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या एका उत्परिवर्तित वाणाला स्यूडोमोनास सिरिंगीचा त्रास कमी होतो, याचे कारण शोधताना २०१४ मध्ये कळले की त्या वाणाच्या पेशींतून सायट्रिक व ॲस्पार्टिक आम्लासारखे काही साधे पदार्थ कमी झिरपतात, आणि ते नसल्यामुळे जिवाणूची स्रावयंत्रणा पुरेशी चालूच होत नाही.

तापमानाबाबतही वनस्पतीला वगळून निष्कर्ष काढणे अंगाशी येते. संवर्धनात स्यूडोमोनास सिरिंगीची स्रावयंत्रणा थंडाव्यात चांगली आणि उष्णतेत मंद चालते. २०१७ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये ३० अंशांवर केलेल्या प्रयोगात मात्र पेशींत टोचली जाणारी प्रथिने वाढली आणि रोगही वाढला. त्याच तापमानाला वनस्पतीचे सॅलिसिलिक आम्लही घटले होते. जिवाणू आणि तापमान तेच असताना केवळ जागा बदलल्याने उत्तर उलटे आले.

‘बटण बंद केले की रोग संपला, आणि प्रतिकारही येणार नाही’

या दाव्याच्या पहिल्या भागाला आधार म्हणून हमखास जो प्रयोग सांगितला जातो, तो खरा आहे. २००१ मध्ये एका मातीतील बॅसिलसचे, एएचएल रेणू मोडणारे विकर तंबाखू आणि बटाट्यात बनवण्यात आले आणि त्या वनस्पतींना मऊ कूजेचा त्रास लक्षणीयरीत्या कमी झाला. सांगितले जात नाही ते पुढचे. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने बरोबर उलट केले: संदेश मोडण्याऐवजी तंबाखूलाच तो संदेश बनवायला लावले, आणि कूज तिथेही कमी झाली. जिवाणू फार लवकर विकरे सोडू लागतात आणि त्यातून वनस्पती वेळेत सावध होते, असा अर्थ त्यातून काढला गेला. मग २००४ मध्ये बटाट्याला संदेश बनवायला लावण्यात आले, तेव्हा तो बटाटा कूजेला अधिक बळी पडू लागला. संदेश मोडल्याने कूज घटते, संदेश ओतल्याने एका वनस्पतीत घटते आणि दुसरीत वाढते, हे तिन्ही निकाल एकाच कुळातील जिवाणूंचे आहेत. यातून उपायाची आशा जरूर दिसते, पण मजकुरात आहे तशी हमी कुठेही दिसत नाही.

प्रतिकाराबद्दलचे विधान तर साध्या विचारानेही ढासळते. रोग करण्यामुळे जिवाणूला अन्न मिळत असेल, तर रोग करू न देणारा उपाय त्याला उपाशी ठेवतो, आणि जो उपाशी ठेवतो तो निवडही घडवतो. मारणे ही त्याची आवश्यक अट नाही. वाढीसाठी क्वोरम सेन्सिंग आवश्यक ठरेल अशा परिस्थितीत स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूला संदेशरोधक फ्युरॅनोन देऊन पाहिले, तेव्हा ते रसायन पंपाने बाहेर फेकणारे उत्परिवर्तित जिवाणू मिळाले. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा जिवाणू मुख्यतः माणसाच्या संदर्भात अभ्यासला जातो, हे खरे. पण उत्परिवर्तन वनस्पतींवरील जिवाणूंना वर्ज्य आहे असे केलमन यांच्या बशीतील लाल वसाहती पाहिलेला कोणी म्हणणार नाही.

राहता राहिला द्राक्षवेलीवर पिअर्स रोग करणारा झायलेला फास्टिडिओसा. तोही झँथोमोनासप्रमाणे डीएसएफ गटातील संदेश वापरतो आणि हा संदेश बनवण्याचे आरपीएफएफ हे जनुकही दोघांत सारखेच आहे. झँथोमोनासमध्ये ते मोडले की रोग सौम्य होतो. झायलेलामध्ये २००४ साली ते मोडून पाहिले, तेव्हा मूळच्या जिवाणूपेक्षा जास्त तीव्र रोग झाला. संदेश साचल्यावर झायलेलाच्या पेशी चिकट होतात, वाहिनीच्या भिंतींना धरून राहतात आणि वेलीत फार दूर पसरत नाहीत. संदेशच नसेल तर त्या मोकळ्या सुटतात. मग हा संदेश त्याने बाळगलाच कशाला? उत्तर तुडतुड्यात आहे. रस शोषणाऱ्या तुडतुड्याच्या तोंडाच्या नळीत टिकून राहायला हाच चिकटपणा लागतो, आणि संदेश न बनवणारा जिवाणू त्याच्यामार्फत दुसऱ्या वेलीवर पोहोचत नाही. मजकुराचा सल्ला मानून इथे बटण बंद केले असते, तर हाती आजारी वेल आली असती. लिंडो यांच्या गटाने उलट वाट धरली: आरपीएफएफ जनुक द्राक्षवेलीत घालून वेलीलाच तो संदेश बनवायला लावला. त्या वेलींतील जिवाणू जागच्या जागी अडकून पडले आणि रोगाची तीव्रता घटली.